जी शिक्षा कोणत्याही न्यायालयाने सुनावली नाही

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हेप्रतिबंध आणि फौजदारी न्याय आयोगावरील
सर्व सदस्य राष्ट्रांचे सन्माननीय प्रतिनिधी,
व्हिएन्ना

सविनय नमस्कार.

कारागृहांचा विषय आपल्या आयोगापुढे नवा नाही. १९५५ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत कैद्यांना द्यावयाच्या वागणुकीचे किमान नियम ठरले. साठ वर्षांनी आपल्याच आयोगाच्या पुढाकाराने त्यांची फेरमांडणी झाली, आणि ज्यांनी आयुष्यातली सत्तावीस वर्षे तुरुंगात काढली त्या नेल्सन मंडेला यांच्या नावाने ते १२२ नियम आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी स्वीकारले. त्यांतल्या तिसऱ्या नियमाचा आशय असा आहे की, माणसाचे स्वातंत्र्य काढून घेणे हीच मुळात एक यातना आहे आणि कारागृहाच्या व्यवस्थेने त्या यातनेत आपल्या बाजूने भर घालता कामा नये. आज जगातली बहुतेक कारागृहे ही भर रोज घालत आहेत, म्हणून हे पत्र मी आपल्याला उघडपणे लिहीत आहे.

मी वकील आहे आणि वकील करण्याची ऐपत नसलेल्या कच्च्या कैद्यांची कामे पाहते. जगभरच्या कारागृहांत मोठ्या सुधारणा हव्यात का, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो, तेव्हा चर्चा बहुधा जेवणाचा दर्जा, कोठडीचे क्षेत्रफळ आणि वाचनालय यांच्यावर येऊन थांबते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण माझे म्हणणे वेगळे आहे. न्यायाधीश निकालपत्रात जी शिक्षा लिहितो तिच्याखेरीज कारागृह आणखी एक शिक्षा देत असते, जिची मुदत ठरलेली नसते आणि जिच्याविरुद्ध अपील करता येत नाही. ही न सुनावलेली शिक्षा बंद करणे म्हणजे सुधारणा, आणि तिची सुरुवात कारागृहाच्या दारात, माणूस आत जातो त्या क्षणी, व्हायला हवी.

आज जगभरात १ कोटी १० लाखांहून अधिक माणसे कारागृहांत आहेत. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही. ही झाली सरासरी. भारताच्या अधिकृत आकडेवारीनुसार २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. हैतीत हे प्रमाण ८० टक्क्यांच्याही वर राहिले आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ सालचा आहे. खटल्याची वाट पाहणाऱ्या माणसाला कोठडीत ठेवणे हा सर्वसाधारण नियम असू नये, असे त्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या टोकियो नियमांनी तर खटल्यापूर्वीची कोठडी हा अखेरचा उपाय ठरवला. ज्या राष्ट्रांनी या दस्तऐवजांना संमती दिली, त्यांतल्या कित्येक राष्ट्रांत अखेरचा उपाय हाच पहिला उपाय झाला आहे.

असे का होते, हे आतून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. अटक करायला एक सही पुरते. सुटायला मात्र जामीनदार लागतो, राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, रक्कम लागते, तारखेला न्यायालयात नेणारी गाडी आणि तिच्यासोबत जाणारे पोलीस लागतात. गाडी मिळाली नाही की तारीख पडते. पुढच्या तारखेला साक्षीदार नसतो, त्याच्या पुढच्या तारखेला न्यायाधीश बदललेले असतात. यात कोणी एक माणूस दुष्टपणा करतो असे मुळीच नाही; प्रत्येक जण आपले काम आपल्या सोयीने करत असतो आणि त्या सगळ्या सोयींचा भार आतला एकटा माणूस सोसत असतो. एकदा मुलाखतीच्या वेळी जाळीपलीकडे उभ्या असलेल्या एका माणसाने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून माझ्यासमोर जाळीला चिकटवून धरला. घड्या पडून पडून त्याचे चार तुकडे व्हायला आले होते. तो त्याच्या जामिनाचा आदेश होता. न्यायालयाने सोडायला सांगून कित्येक महिने उलटले होते, पण आदेशातल्या रकमेचा जामीनदार त्याला मिळाला नव्हता, आणि वाचता येत नसल्यामुळे हा कागद आपल्याला बाहेर काढणारा आहे की आत ठेवणारा, हेही त्याला ठाऊक नव्हते.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड या गृहस्थांनी हेच पाहिले होते. १७७३ साली ते बेडफर्डशायरचे शेरीफ, म्हणजे तिथल्या तुरुंगांची जबाबदारी असलेले अधिकारी, झाले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसेसुद्धा पुन्हा तुरुंगात नेली जातात, कारण तुरुंगाधिकाऱ्याला त्याची फी देण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नसतात. हॉवर्ड यांच्या साक्षीनंतर १७७४ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा निर्दोष माणसांकडून फी घेण्याची पद्धत कायद्याने बंद केली. अडीचशे वर्षांनंतरही पैसे नाहीत म्हणून माणूस आत राहतो, हे पाहिले की सुधारणा मोठ्या हव्यात की किरकोळ, या वादात वेळ घालवणे मला सहन होत नाही.

आणि हे बदलता येते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने २०१७ पासून रोख जामिनाची पद्धत जवळजवळ मोडीत काढली आणि तिथल्या स्थानिक तुरुंगांतली खटलापूर्व कैद्यांची संख्या मोठ्या प्रमाणात उतरली; इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये ती पूर्णच रद्द केली. श्रीमंत राज्यांनाच हे परवडते असे कोणी म्हणेल, तर मलावीकडे पाहावे. अत्यंत गरीब असलेल्या या देशात २००० साली कायद्याचे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेले सहायक थेट कारागृहांत जाऊ लागले. कोण किती काळ आत आहे, कोणाचे कागद हरवले आहेत, कोणाची कायदेशीर मुदत संपली आहे, याच्या याद्या ते करत, आणि दंडाधिकारी कारागृहातच बसून ती प्रकरणे निकाली काढत. त्यासाठी नवी इमारत लागली नाही. लागली ती फक्त आत कोण आहे हे नीट लिहून काढण्याची तयारी.

दंड न भरल्याबद्दल तुरुंगात जाणाऱ्यांचीही गणना मी याच अन्यायात करते. जर्मनीत बहुतांश शिक्षा दंडाच्या असतात आणि दंड माणसाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात आकारला जातो; फिनलंडने ही पद्धत १९२१ सालीच आणली होती आणि ती अनुकरणीय आहे. तरीसुद्धा विनातिकीट प्रवासासारख्या अपराधाचा दंड भरता आला नाही म्हणून जर्मनीत माणसे तुरुंगात जात राहिली, इतकी की अखेर २०२४ मध्ये अशा बदली कैदेचे दिवस कायद्याने निम्म्यावर आणावे लागले. ज्या अपराधासाठी न्यायालयाला कैद योग्य वाटली नाही, त्या अपराधासाठी दारिद्र्यामुळे कैद भोगावी लागते, याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करता येईल?

दार असे सताड उघडे राहिले की आत काय होते, ते आपल्याला अहवालांतून माहीत आहे, पण थोडे जवळून पाहण्याची विनंती मी करते. फिलिपिन्समधील केझॉन शहराच्या तुरुंगात २०१६ साली आठशेंच्या जागेत साडेतीन हजारांहून अधिक माणसे होती. जिन्याच्या पायऱ्यांवर, उघड्या मैदानात, पाळ्या लावून ती झोपत होती. फिलिपिन्सकडे पैसा नव्हता असे म्हणावे, तर कॅलिफोर्नियाकडे तो होता. तिथे सुमारे ऐंशी हजारांसाठी बांधलेल्या कारागृहांत दीड लाखाहून अधिक कैदी कोंबले होते. व्यायामशाळांत तीन मजली खाटा लावल्या होत्या आणि काही ठिकाणी एका शौचालयामागे चोपन्न माणसे होती. उपचारांतल्या हेळसांडीमुळे दर सहा-सात दिवसांनी एक कैदी विनाकारण मरत होता, असा न्यायालयीन निष्कर्ष निघाला होता, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत उतरवण्याचा आदेश कायम केला. त्या मेलेल्या माणसांपैकी कोणालाही कारागृहातल्या हेळसांडीने मरण्याची शिक्षा झालेली नव्हती.

होंडुरासमधील कोमायाग्वाच्या कारागृहाला १४ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री आग लागली. कुलपे वेळेत उघडली गेली नाहीत आणि साडेतीनशेहून अधिक माणसे कोठड्यांत जळून आणि गुदमरून मेली. त्या कारागृहातल्या निम्म्याहून अधिक लोकांना कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले नव्हते. या घटनेकडे अपघात म्हणून पाहता येत नाही. क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसे, मूठभर पहारेकरी आणि किल्ल्या कोणाजवळ आहेत याचा पत्ता नाही, ही स्थिती कित्येक देशांत आज रात्रीही आहे.

रोगाबद्दल थोडक्यात सांगते. कैद्यांना क्षयरोग होण्याचा धोका बाहेरच्या लोकांच्या तुलनेत सुमारे दहापट असतो. रोग भिंतीच्या आत राहत नाही; तो सुटणाऱ्या कैद्याबरोबर, पहारेकऱ्याबरोबर, भेटीला येणाऱ्या आईबरोबर बाहेर पडतो. समाजात जी आरोग्यसेवा उपलब्ध आहे त्याच दर्जाची सेवा कैद्याला मिळावी असे मंडेला नियमांतला चोविसावा नियम सांगतो. ते केवळ दयेपोटी नाही.

एकांतवासाबद्दल मात्र थोडक्यात लिहून भागणार नाही. दिवसाचे बावीस किंवा अधिक तास अर्थपूर्ण मानवी संपर्काविना कोंडणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग पंधरा दिवसांपलीकडे गेला की निषिद्ध, अशी व्याख्या आपल्याच नियमांनी केली आहे. ही समज आजची नाही. फिलाडेल्फियात १८२९ साली एकांतवासावर आधारलेले कारागृह उघडले गेले, तेव्हा एकटेपणात माणूस आत्मपरीक्षण करील अशी प्रामाणिक आशा होती. १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकांतवासाच्या जुन्या प्रयोगांकडे मागे वळून पाहताना नोंदवले की थोड्याच काळाच्या एकांतवासानेही अनेक कैदी बधिर झाले, काहींना वेड लागले, काहींनी आत्महत्या केल्या. म्हणजे एकशे तीस वर्षांहून अधिक काळ परिणाम ठाऊक आहेत. तरीही त्याच देशाच्या लुइझियाना राज्यात आल्बर्ट वुडफॉक्स यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ एकांतवासात ठेवले गेले आणि ते २०१६ मध्ये सुटले. किती दिवस एकटे ठेवायचे हे बहुतेक ठिकाणी न्यायाधीश ठरवत नाही, कारागृहाचा अधिकारी ठरवतो. न सुनावलेल्या शिक्षेचे याहून उघड उदाहरण मला देता येणार नाही.

ब्रिटनने २००५ पासून अनिश्चित मुदतीची एक शिक्षा लागू केली होती. तीत कैद्याला किमान मुदत सांगितली जाई, पण आपण आता धोकादायक नाही हे पटवून दिल्याखेरीज सुटका नसे, आणि ते पटवण्यासाठी जे कार्यक्रम पूर्ण करायचे त्यांत जागा मिळण्यासाठीच वर्षे जात. २०१२ मध्ये ही शिक्षा रद्द झाली, परंतु आधी शिक्षा झालेल्यांना त्या रद्दबातलीचा लाभ दिला गेला नाही. ब्रिटनने जी शिक्षा चुकीची होती असे ठरवले, तीच भोगत शेकडो माणसे त्यानंतर दहा-दहा वर्षे आत राहिली.

आणि ही न सुनावलेली शिक्षा सुटल्यावरही संपत नाही. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण इतर लोकांच्या तुलनेत बारापटीहून अधिक होते आणि त्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा वाटा सर्वांत मोठा होता. राहायला घर नाही, औषध बंद, ओळखपत्र नाही आणि काम देणारा कोणी नाही, अशा अवस्थेत एखाद्या सकाळी माणसाला दाराबाहेर सोडणे याला सुटका म्हणताना आपल्याला संकोच वाटायला हवा.

आता विरोधी बाजू, कारण ती मी रोज ऐकते आणि ती हलकी नाही. ज्यांच्या घरातला माणूस मारला गेला, ज्या स्त्रीवर अत्याचार झाला, त्यांना कैद्यांच्या हक्कांची भाषा जिव्हारी लागते. त्यांच्या दुःखासमोर मी कोणताही युक्तिवाद मांडू इच्छित नाही. काही माणसांना समाजापासून दूर ठेवावेच लागते, काहींना दीर्घकाळ, हेही मला मान्य आहे. पण पीडितांना न्याय मिळतो तो गुन्हेगार सापडण्याने, खटला वेळेत चालण्याने आणि ठरलेली शिक्षा ठरल्याप्रमाणे भोगली जाण्याने. कच्च्या कैद्यांच्या गर्दीत बुडालेली न्यायालये पीडितांनाही वर्षानुवर्षे ताटकळत ठेवतात.

एल साल्वादोरचे उदाहरण या वादात हमखास पुढे केले जाते आणि त्याला बगल देणे योग्य नाही. मार्च २०२२ मध्ये तिथे आणीबाणी लागू झाली, ऐंशी हजारांहून अधिक लोकांना अटक झाली, चाळीस हजार क्षमतेचे महाकारागृह २०२३ मध्ये उभे राहिले आणि खुनांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. टोळ्यांच्या दहशतीतून सुटलेल्या सामान्य माणसाचा आनंद खरा आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. परंतु सुमारे आठ हजार निर्दोष लोकांना सोडून दिल्याचे २०२४ मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीच सांगितले. आणखी किती निर्दोष आत आहेत हे कसे कळणार, जेव्हा सुनावणीच शेकडो जणांची एकत्र होते? ज्या देशात खटला न चालवता दाराआड टाकता येते, तिथे उद्या त्या दाराचा उपयोग कोणाविरुद्ध होईल याची खात्री आजचे समाधानी नागरिकही देऊ शकत नाहीत. सुरक्षिततेची इतकी किंमत द्यावीच लागते, असेही नाही, हे मी फिनलंडच्या आधारे म्हणते. १९५० च्या दशकात तिथे दर लाख लोकसंख्येमागे दीडशेहून अधिक कैदी होते, शेजारच्या देशांच्या कितीतरी पट. किरकोळ चोरीच्या शिक्षा कमी करत, दंड आणि समाजसेवेचे पर्याय वाढवत, शतकाच्या अखेरीस हे प्रमाण साठच्या आसपास आणले गेले, आणि या सगळ्या काळात तिथल्या गुन्हेगारीचा आलेख स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांच्याप्रमाणेच वर-खाली होत राहिला. कैद्यांची संख्या गुन्ह्यांच्या संख्येने आपोआप ठरते हा समज यातून खोटा ठरतो. ती धोरणाने ठरते, म्हणजे आपण ठरवता.

नॉर्वेच्या कारागृहांची छायाचित्रे पाहून अनेक जण चिडतात. २०१० मध्ये उघडलेल्या हाल्डेन कारागृहातल्या खिडक्या आणि झाडे त्यांना लाड वाटतात. मला तिथली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नॉर्वेत कैद्यांना शिकवणारे शिक्षक, तपासणारे डॉक्टर आणि वाचनालय चालवणारे कर्मचारी कारागृहाच्या नोकरीत नसतात. बाहेरच्या शाळा, आरोग्यसेवा आणि वाचनालये यांचेच लोक आत येतात. त्यामुळे आत काय चालले आहे हे पाहणारे परके डोळे तिथे रोज असतात, आणि कैदी सुटतो तेव्हा ज्या व्यवस्थेकडे त्याला जायचे आहे ती त्याला आधीच ओळखत असते. पहारेकऱ्याला दोन वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते. अर्थात तिथेही अलीकडे कर्मचारी कमी पडले आणि एकांतात बंद राहणाऱ्या कैद्यांबद्दल संसदेच्या लोकपालांनी २०१९ मध्ये गंभीर इशारा दिला. माणसे काढून घेतली की उत्तम इमारतीचीही कोंडवाड्याकडे वाटचाल सुरू होते. जिथे रात्रपाळीचा एक पहारेकरी शेकडो कैद्यांवर लक्ष ठेवतो, तिथे आतला कारभार बळजोर कैद्यांच्या हातात जातो, आणि अपुऱ्या पगारावर, भीतीच्या सावटात काम करणारा तो पहारेकरीही या व्यवस्थेचा बळीच असतो. कारागृह सुधारणेच्या चर्चेत त्याला कोणी बोलावत नाही, ही मोठी उणीव आहे.

महोदय आणि महोदया, मंडेला नियम बंधनकारक नाहीत, हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. पण छळाविरोधी कराराचा २००२ सालचा पर्यायी पूरक करार, जो २००६ पासून अमलात आहे, तो स्वीकारणाऱ्या राष्ट्रांवर बंधनकारक आहे. स्वतंत्र तपासनीस पूर्वसूचना न देता कोणत्याही कोठडीत जाऊ शकतील आणि कैद्याशी एकांतात बोलू शकतील अशी तरतूद त्यात आहे. नव्वदहून अधिक राष्ट्रांनी तो स्वीकारला आहे. लाखो कैदी ज्यांच्या कारागृहांत आहेत ते अमेरिका, चीन, भारत आणि रशिया मात्र त्यात नाहीत. कारागृहाच्या दारातून आत कोण जातो आणि आत पाहायला कोण जाऊ शकतो, या दोन गोष्टींवर माझी सारी मागणी उभी आहे.

म्हणून माझी विनंती अशी. उरलेल्या राष्ट्रांनी हा पूरक करार स्वीकारावा, यासाठी आपल्या आयोगाने ठराव करून त्यांच्याकडे ठरावीक तारीख मागावी. खटल्यापूर्वीच्या कोठडीला प्रत्येक राष्ट्राने कायद्याने कमाल मर्यादा घालावी आणि ती संपताच, कोणी अर्ज करो वा न करो, सुटका व्हावी. मर्यादा मोजण्याचे काम कैद्याने करायचे नसून कारागृहाने करायचे आहे. केवळ पैसे नाहीत म्हणून कोणी आत राहणार नाही, जामिनाच्या प्रकरणात नाही आणि दंडाच्याही नाही. पंधरा दिवसांच्या पुढचा एकांतवास अधिकाऱ्याच्या हुकुमावरून देण्याची सोय बंद व्हावी. स्त्री कैद्यांसाठीचे २०१० चे बँकॉक नियम अनेक राष्ट्रांच्या कारागृह नियमावलीत अजून उतरलेलेच नाहीत, ते उतरावेत. आणि नव्या कारागृहासाठी निधी मागणाऱ्या प्रत्येक सरकारला आधी विचारले जावे की आहेत त्या कारागृहांतली किती माणसे आत असण्याचे कारणच नाही.

यातले बरेचसे होण्यास वर्षे लागतील, हे मी जाणते. एक गोष्ट मात्र पुढच्या अधिवेशनापूर्वी होऊ शकते, तिला नवा कायदा लागत नाही आणि पैसाही जवळजवळ लागत नाही. सुटकेचा किंवा जामिनाचा आदेश होऊनही आपल्या देशात आज नेमकी किती माणसे कोठडीत आहेत, ही संख्या प्रत्येक सदस्य राष्ट्राने मोजावी आणि कारागृहनिहाय जाहीर करावी.

आपली विश्वासू,
कच्च्या कैद्यांची कामे पाहणारी एक वकील